म्युझिक सिस्टीमचा आवाज बिघडवणाऱ्या चुका

‘आवाज चांगला’ म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर खिडक्या हादरवणारा बेस येतो. माझी कसोटी वेगळी आहे. रेकॉर्डिंगमध्ये जे आहे ते ऐकू यावं, सिस्टीमने पदरचं काही घालू नये. दोन ओळींच्या मध्ये गायिकेने घेतलेला श्वास आणि त्याच वेळी मागे वाजणारा तंबोरा वेगवेगळे ओळखता आले, तर सिस्टीम चांगली. ते जमत नसेल तर लगेच नवीन सिस्टीम शोधू नका. अनेकदा दोष मशीनचा नसतोच.

वॉटच्या आकड्याला भुलणं

खोक्यावर मोठ्या अक्षरांत पीएमपीओ (क्षणभरासाठीची कमाल ताकद) लिहिलेलं असेल तर तिकडे दुर्लक्ष करा. त्या आकड्याला कुठलंही ठरलेलं मोजमाप नाही. आरएमएस, म्हणजे सिस्टीम सतत देऊ शकते ते वॉट, पाहा. त्यातही वॉट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, जेमतेम 3 डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. त्यापेक्षा स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वॉटवर तो किती मोठ्याने वाजतो ते, बघावी. 90 डेसिबलचा स्पीकर 50 वॉटवर जेवढा वाजतो, तेवढं वाजायला 87 डेसिबलच्या स्पीकरला 100 वॉट लागतात. अगदी खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत, ‘20 हर्ट्झ ते 20 किलोहर्ट्झ’ सगळं वाजतं असा दावाही पुढे ‘±3 डेसिबल’सारखी चढउताराची मर्यादा दिली नसेल तर फारसा कामाचा नाही.

मोठा तो चांगला

दोन सिस्टीम शेजारी ठेवून ऐकताना जी किंचित मोठ्याने वाजते ती कानाला सरस वाटते. विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं! आधी दोन्हींचा आवाज सारखा करा, मग निवाडा करा. आणि हळू आवाजात बेस कमी वाटला तर घाबरू नका, आपला कानच तसा आहे.

कोपऱ्यात कोंबलेले स्पीकर

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. कोपऱ्यात ठेवलेल्या स्पीकरचा बेस दोन भिंती आणि जमीन मिळून फुगवतात. मग ढोलकी असो की बेस गिटार, सगळ्याचा एकच ‘ढुम्म’. स्पीकर भिंतीपासून हात-दोन हात पुढे ओढा. दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची मिळून समभुज त्रिकोण व्हावा आणि ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीवर यावा. नंतर खुर्चीत बसा आणि कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा. आरशात स्पीकर दिसला की तिथूनच आवाज उसळून तुमच्याकडे येतोय असं समजा. त्या जागी जाड पडदा किंवा पुस्तकांचं कपाट आलं की गाण्याचे शब्द स्वच्छ होतात. पैसे खर्चून नवीन केबल आणण्याआधी एवढं करून बघाच.

उलट्या जोडलेल्या वायर

आवाज पातळ वाटतो, बेस गायब, आणि गाणारा नेमका कुठे उभा आहे ते कळत नाही? मागे जाऊन वायर बघा. लाल वायर लाल टर्मिनललाच आहे ना? एका स्पीकरची प्लस-मायनस उलटी झाली की एकाचा हलणारा पडदा (कोन) पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. नुसतं बोलणं असलेलं मोनो (दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज येणारं) रेकॉर्डिंग लावा. ते बरोबर मधोमध ऐकू यायला हवं. तसं नसेल तर अॅम्प्लिफायर बंद करून फक्त एकाच स्पीकरच्या दोन वायरची अदलाबदल करा. दोन्हींच्या बदलल्या तर पहिले पाढे पंचावन्न.

बाकी किरकोळ, पण त्रासदायक

बेस आणि ट्रेबल दोन्ही टोकाला फिरवून व्हॉल्यूमही पूर्ण ठेवला की छोट्या अॅम्प्लिफायरचा दम संपतो, आवाज फाटतो आणि ट्वीटर जळू शकतो. फाटलेला आवाज ऐकू आला की व्हॉल्यूम त्याच क्षणी खाली.

128 केबीपीएसची (सेकंदाला 128 किलोबिट माहितीची) एमपी3 फाइल 320 मध्ये बदलून काही मिळत नाही. गेलेला तपशील गेलाच, फक्त फाइल फुगते.

गाणं बंद असतानाही घुंऽऽ असा आवाज येत असेल तर एकेक इनपुट काढून बघा. ज्याची वायर काढल्यावर घुंघुं थांबते, तिथे गडबड आहे. बहुतेक वेळा दोन उपकरणं वेगवेगळ्या सॉकेटवर असल्याने अर्थिंगचा लूप (दोन वाटांनी अर्थिंग जोडलं जाऊन झालेलं वर्तुळ) झालेला असतो. दोन्ही एकाच बोर्डावर आणली की प्रश्न सुटू शकतो. काही जण यावर प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. तसं मुळीच करू नका, उपकरणात बिघाड झाला तर थेट शॉक बसेल.