जुनी शेव्हेल उभी करायचीय? आधी मागच्या काचेखालचा पत्रा बघा

1968 ते 72 मधली शेव्हेल मॅलिबू, म्हणजे शेव्हर्लेची जुनी अमेरिकन गाडी, बघायला गेलं की सगळे आधी बॉनेट उघडतात. अहो इंजिनाचं काय घेऊन बसलात, 307 क्युबिक इंचाचं असो नाहीतर 350 चं, शेव्हर्लेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-8 इंजिनाचे पार्ट अजून नवे मिळतात आणि ते काम शिकायलाही सोपं आहे. गाडी बुडवतो तो पत्रा. आमच्याकडे ओहायोत हिवाळाभर रस्त्यावर मीठ पडतं म्हणून लोक खाली वाकून गंज शोधतात, पण ही गाडी वरूनपण कुजते.

एसएस (सुपर स्पोर्ट, मॅलिबूची जोरदार आवृत्ती) म्हणून जास्त पैसे मागत असतील तर नंबर बघा. 1966 ते 68 मधल्या खऱ्या एसएस 396 चा (396 म्हणजे इंजिनाचे क्युबिक इंच) व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, 138 ने सुरू होतो, 136 असेल तर ती साधी व्ही-8 मॅलिबू. 69 पासून एसएस हे ऑप्शन पॅकेज झालं, तिथून पुढे नंबरावरून एसएस आहे का ते सहसा कळत नाही, जुने कागद मागा, नसतील तर मॅलिबूचाच भाव द्या. बाकी फ्रिजवरचं लोहचुंबक फिरवून पुट्टी शोधणं वगैरे तुम्हाला माहीत असेलच.

आता मुद्द्याचं. डिकी उघडा, आत शिरा आणि टॉर्च मारून वर बघा, मागच्या सीटमागच्या ट्रेच्या खालून, काचेच्या खालच्या कडेकडे. तपकिरी ओघळ किंवा उजेडाचे ठिपके दिसले तर काच ज्या खाचेत बसते तिचा पत्रा गेलाय. तिथे काचेभोवतीच्या स्टीलच्या पट्टीच्या क्लिपा ज्या खुंट्यांवर बसतात त्यांच्याभोवती रंग उडतो, पट्टीखाली पालापाचोळा आणि पाणी साचतं, छपरावर व्हिनाइलचं आवरण असलं तर बघायलाच नको. मग ते पाणी आत उतरून डिकीच्या तळात जातं. म्हणजे डिकीचा तळ सडलाय तो बऱ्याचदा वरूनच सडलाय, आणि वरचं गळतं न काढता खाली नवीन तळ वेल्ड करणं म्हणजे पैसे गटारात टाकणं. हे उघड आहे तरी दर दुसऱ्या गाडीत नवा तळ आणि वर फायबरग्लास-पुट्टीचं लिंपण सापडतं. मी घेतलेल्या एका गाडीत तर आधीच्या गॅरेजवाल्याने भोकांवर सीलर थापून त्यावर मस्त रंग मारला होता, बिल मात्र पत्रा बदलल्याचं.

काम सुरू करण्याआधी बॅटरी काढा, मागची सीट, ट्रे आणि छताचं कापड काढा (कापडाची कड काचेभोवती चिकटवलेली असते, नवीन घ्यावं लागणार हे धरूनच चाला) आणि पेट्रोलची टाकी उतरवाच. टाकी डिकीच्या बरोबर खाली आहे, "थोडंसंच वेल्डिंग आहे" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी, आणि शेजारी एक माणूस.

काच उन्हातल्या दिवशी काढा, थंडीत काच चिकटवलेला जुना सीलर दगड होतो. पट्टी क्लिपच्या हुकाने सोडवा, मग तार आतबाहेर ओढत दोघांनी मिळून सीलर कापा. मागची काच टेम्पर्ड असते, कडेला स्क्रूड्रायव्हर लावून उचकटली की क्षणात तिचा चुरा.

वायर ब्रशने खाच चकचकीत करा आणि टोच्याने टोचत जा. जिथे टोचा आत गेला तिथून पुढे चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं. गंज पालटणारं केमिकल भोकाला पत्रा बनवत नाही. आणि सगळी खाच एकदम कापू नका!! एका वेळी एक वीतभर तुकडा कापा, त्याजागी नव्या पत्र्याचं ठिगळ बसवा, मग पुढचा, नाहीतर मूळ आकार कुठे होता हे सांगायला काहीच उरत नाही.

खरी गोची खाच किती खोल राहते यात आहे. ठिगळ दोन-तीन मिलिमीटर वर बसलं की काच वर येते, पट्टी क्लिपमध्ये बसत नाही, आणि हे कळतं कधी तर रंग झाल्यावर. म्हणून वेल्डचे चार टाके (ठिपके) मारले की थांबा, काच आणून कोरडी ठेवून बघा, चारी बाजूंची फट सारखी आहे का, पट्टी टिचकन बसते का. मग काच पुन्हा लांब नेऊन ठेवा, कारण ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात आणि ते डाग निघत नाहीत, पुढच्या काचेवरही जाड गोधडी टाका. ही ने-आण कंटाळवाणी आहे, करायचीच.

वेल्डिंग मिगने (तार आपोआप पुढे सोडणाऱ्या वेल्डिंग मशीनने), 0.6 मिमी तारेने, नुसते टाके, एक इकडे एक तिकडे, मधे हात लावता येईल इतकं गार होऊ द्या. सलग ओढलंत तर डिकीच्या झाकणापुढचा पत्रा पापडासारखा वाकडा होणार. छप्पर आणि मागचा पॅनल जिथे जुळतात त्या सांध्यात कंपनीने शिसं भरलेलं आहे, तिथे ग्राइंडर अजिबात नको, ती धूळ विषारी आहे.

नंतर एपॉक्सी प्रायमर, त्यावर सांधे बुजवणारा सीम सीलर, खुंट्या नवीन, रंग खाचेच्या आतपर्यंत. काच युरेथेनने (काचेच्या गोंदाने) चिकटवत असाल तर त्याचा प्रायमर चुकवू नका.

सीलर सुकला की एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बागेच्या नळीने प्रेशर न लावता खालून वर पाणी सोडायचं. कोरडं निघालं की मगच डिकीचा तळ कापायला घ्या.

ब्रेक, वायरिंग, रबरी पेट्रोल पाइप हे नेहमीचंच, सगळं नवं टाका. फक्त गाडी 66 किंवा आधीची असेल तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा) एकाच सर्किटचा असतो, एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. 67 पासूनचा दोन सर्किटवाला बसवल्याशिवाय ती गल्लीच्या बाहेर काढू नका.