बंपर लिप लावताना बोल्ट तुटला तर
लिप म्हणजे बंपरच्या खालच्या कडेला बसणारी प्लॅस्टिकची पट्टी. ती लावताना 6 एमएमचा बोल्ट आट्यातच तुटला की पान्ह्याशी झटापट करू नका. होटगी रोडला घरासमोर गाडी लावून काम करताना माझा तुटला, तेव्हा बाहेर दिसत होता नुसता गंजाचा तपकिरी ठिपका. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर मुरू द्या. सकाळी तुकड्याच्या अगदी मधोमध टोकदार पंच ठोकून खूण करा, नाहीतर ड्रिल घसरून आटे जातात. चष्मा लावून 3 एमएमचं भोक पाडा, त्यात एक्स्ट्रॅक्टर (तुटका बोल्ट काढायचा उलट्या आट्यांचा दांडा) घालून डावीकडे फिरवा. जोर मात्र बेतानं. एक्स्ट्रॅक्टर आत मोडला तर त्याच्या कडक पोलादावर साधं ड्रिल चालत नाही. तुकडा निघालाच नाही, तर भोक 5 एमएम करून 6 बाय 1 चा टॅप (6 एमएमच्या बोल्टसाठी 1 एमएम अंतराचे आटे पाडणारं हत्यार) तेल घालत फिरवा. नव्या बोल्टला रुंद वॉशर घाला आणि फार आवळू नका, सोलापूरच्या उन्हात प्लॅस्टिक फुगतं.