मेसच्या वहीत पोरांची बाकी कशी सांभाळायची

माझी मेस सोलापुरात, केगावच्या अलीकडं, पुणे रोडला. विद्यापीठातली पोरं-पोरी जेवायला असतात. मोहोळ, सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट, कुठलीकुठली. तेल आणि गॅस वाढला की आम्हालाही महिन्याचे पैसे वाढवावे लागतात, आणि वाढवले की दोन-तीन ताटं हमखास कमी होतात. ती पोरं दुसऱ्या मेसला जात नाहीत. खोलीवर बिस्किटं खातात. नव्यानं मेस टाकणाऱ्या बायका विचारतात, म्हणून लिहितेय.

शेतकऱ्याच्या पोराकडं पैसा येतो, पण कधी येईल ते सांगता येत नाही. ऊसबिल, डाळिंबाची पट्टी म्हणजे विक्रीचे पैसे, स्कॉलरशिप, सगळं एकदम आणि उशिरा. आपण मात्र एक तारखेला सगळा महिना आगाऊ मागतो. मी दहा जेवणांचं कार्ड काढलं. जेवलं की पंच, गावाला गेलं तर जेवण शिल्लक. शिवाय ‘हलकं जेवण’ म्हणून दोन भाकरी, पातळ भाजी, कांदा, चटणी, निम्म्याच्या थोडं वर दर. नाव जपून ठेवा. ‘गरीब थाळी’ म्हटलं असतं तर कुणी हात लावला नसता. आता डाएटवाल्या पोरीही तेच मागतात, त्यामुळं कोण कशासाठी घेतंय ते कळत नाही.

पैशाऐवजी ज्वारी घ्या. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला 2016 साली जीआय, म्हणजे त्या भागाचा खास माल म्हणून मानांकन मिळालंय, आणि त्याच मातीतली पोरं आपल्याकडं रोख पैसा नाही म्हणून अडतात! सुगीनंतर पोरगं गावाहून पोतं आणतं. त्याच्यासमोर काट्यावर धरायचं, त्या दिवशीचा बाजारभाव लावायचा, वहीत जमा करायचं. निवडलेली असेल तर मी किलोला दोन रुपये जास्त देते, माझ्या बाईचा अर्धा दिवस वाचतो.

वहीत प्रत्येकाचं वेगळं पान, आणि ते पान फक्त त्यालाच दाखवायचं. एका साली मी बाकीवाल्यांची नावं फळ्यावर लिहिली होती. संध्याकाळपर्यंत तिघांनी पैसे आणून दिले, चौथा आलाच नाही. त्याची साडेनऊशे बाकी होती. पुढं दोन वर्षं तो रस्त्यात मला बघून पलीकडं व्हायचा. फळा आता भाजीचं नाव लिहायला आहे.

उपाशी पोरगं ओळखायला शिका. सोमवारी उपवास, गुरुवारी उपवास, शनिवारी परत उपवास, एवढे देव कुणी करत नाही. किंवा एकदाच येतं आणि भात तीनदा घेतं. ताटावर काही विचारू नका. हात धुताना हळूच म्हणायचं, “बाळा, रविवारी लसूण सोलायला येतोस का, तासाचे पैसे वहीत धरते.” परीक्षेच्या दिवसांत मात्र कामाला बोलवायचं नाही, बाकी तशीच पुढं ढकलायची.

आता कागद. मेसवालीला काय करायचंय असं वाटेल, पण आपली बाकी यातूनच फिटते. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या पोरांना स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात. आदिवासी पोरांना स्वयम्, ओबीसी-भटक्यांना सावित्रीबाई फुले आधार, अल्पभूधारकांच्या पोरांना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. ही नावं मी भिंतीवर चिकटवलीत. मेसची पावती मागितली की तारीख, सही, शिक्का मारून लगेच द्या. आणि घरमालकांनो, भाडेकरार करून द्या. “कशाला लफडं” म्हणून तुम्ही टाळता, आणि पोराचा अर्ज तिथंच अडकतो.

उत्पन्नाचा दाखला त्याच्या स्वतःच्या तहसीलमधून निघतो, आणि मुदत 31 मार्चला संपते. म्हणून पोरगं गावाला निघालं की दारातच आठवण करते. बँकेचंही बघा. माझ्याकडच्या एका पोराची स्कॉलरशिप ‘जमा’ दाखवत होती आणि खात्यात दमडी नव्हती. चार महिने रडकुंडीला आलं. शेवटी कळलं, आधार गावातल्या जुन्या खात्याला जोडलेलं, सगळे पैसे तिथं पडून. हे पैसे खाते नंबर बघून येत नाहीत, आधार ज्या खात्याला जोडलंय तिथं जातात. प्रवेशाच्या वेळीच बँकेत विचारून घ्यायला लावा.

एसटीचा पास काढलाय का तेही विचारते, विद्यार्थ्याला भाड्याचा तिसरा हिस्साच पडतो. मोहोळहून रोज येणाऱ्या एकानं पहिलं सत्र पूर्ण तिकिटावर काढलं होतं!

महिनाअखेरीला मी कडक भाकरी करून ठेवते. पीठ नेहमीचंच, फक्त थापताना पापडासारखी पातळ, आणि मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत ओल जाईपर्यंत भाजायची. वाजली पाहिजे. दहा भाकरी आणि उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगाचटणी, एवढं पुडकं पोरगं खोलीवर नेतं, आमटीत चुरून खातं. उन्हाळ्यात महिनाभर काही होत नाही. पावसाळ्यात मऊ पडतात, तेव्हा डबा घट्ट झाकणाचा द्या, आणि डबा परत आणायला सांगा. माझे सहा गेलेत.