चिनी विमान कंपनीचा ताफा आणि वाढ कशी अभ्यासावी : स्प्रिंग एअरलाइन्सचे उदाहरण

होटगी रस्त्यावरील विमानतळावरून 2025 च्या जूनमध्ये गोव्याची आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईची विमानसेवा सुरू झाल्यापासून विमान कंपन्यांचा व्यवसाय नेमका चालतो कसा, हा प्रश्न सोलापुरातील वाणिज्य शाखेचे विद्यार्थी आणि पर्यटन व्यावसायिक अधिक आस्थेने विचारू लागले आहेत. त्याचे उत्तर शोधण्याचा एक चांगला मार्ग म्हणजे एखादी कंपनी निवडून तिच्या ताफ्याचा आणि वाढीचा पद्धतशीर अभ्यास करणे. प्रकल्पासाठी असा अभ्यास करू इच्छिणाऱ्यांकरिता ती पद्धत येथे चीनमधील स्प्रिंग एअरलाइन्स या कंपनीच्या आधारे मांडली आहे. अभ्यासाचे मुख्य सूत्र आधीच सांगतो : ताफ्यात विमाने किती, या आकड्यावरून कंपनीविषयी फार थोडे कळते, प्रत्येक विमानात आसने किती, ते दिवसाला किती तास उडते आणि त्यातील किती आसने भरतात, यांवरून पुष्कळ कळते.

कंपनी निवडताना

चीनमधील एअर चायना, चायना ईस्टर्न आणि चायना सदर्न या तीन मोठ्या कंपन्या सरकारी मालकीच्या आहेत. त्यांच्या ताफ्यात एअरबस, बोइंग आणि अलीकडे चिनी बनावटीचीही विमाने असून त्यांच्या उपकंपन्यांचे जाळे मोठे आहे. चायना सदर्नकडे तर काही वर्षे पाच अवाढव्य ए-380 विमानेही होती आणि ती 2022 मध्ये सेवेतून काढली गेली. अशा कंपनीच्या आकड्यांत कोणत्या बदलाचे कारण कोणते, हे नवख्या अभ्यासकाला वेगळे काढता येत नाही. स्प्रिंग एअरलाइन्स ही त्या मानाने सुटसुटीत कंपनी आहे. ती खासगी आहे, शांघायमध्ये तिचे मुख्यालय आहे, ती विमानांच्या एकाच कुटुंबातील, म्हणजे एकाच मूळ आराखड्यावर बेतलेली विमाने वापरते आणि जानेवारी 2015 पासून शांघाय शेअर बाजारात 601021 या क्रमांकाने नोंदलेली असल्यामुळे तिला आपले आकडे नियमितपणे जाहीर करावे लागतात.

आधी पूर्वेतिहास समजून घ्यावा

आकड्यांना हात घालण्यापूर्वी कंपनी कोठून आली, हे वाचावे. वांग झेंगहुआ यांनी 1981 मध्ये शांघायमध्ये प्रवास संस्था सुरू केली. पुढे ती पर्यटकांसाठी चार्टर विमाने घेऊ लागली आणि स्वतःची विमान कंपनी काढण्यापूर्वीच विमानातील आसने कशी भरावीत, याचा तिला कित्येक वर्षांचा अनुभव होता. विमान कंपनीला 2004 मध्ये परवानगी मिळाली आणि 18 जुलै 2005 रोजी शांघायच्या होंगछियाओ विमानतळावरून यानताई शहराकडे तिचे पहिले उड्डाण झाले. पहिल्या दिवशीचे सवलतीचे तिकीट 199 युआन होते. पुढच्याच वर्षी कंपनीने शांघाय-जिनान मार्गावर एक युआनाची तिकिटे विक्रीस काढली, तेव्हा जिनानच्या दर-नियंत्रण विभागाने त्यास हरकत घेतली. हा प्रसंग अभ्यासकाने नोंदवून ठेवावा, कारण चीनमध्ये विमान कंपनीची वाढ ही केवळ तिच्या इच्छेवर आणि ग्राहकांच्या प्रतिसादावर ठरत नसे, हे त्यातून स्पष्ट होते.

कंपनीचे व्यवस्थापन स्वतःचे धोरण तीन जोड्यांत सांगते : विमानाचा एकच प्रकार आणि एकच वर्ग, उच्च भारमान आणि विमानाचा उच्च वापर, विक्रीचा कमी खर्च आणि व्यवस्थापनाचा कमी खर्च. आपल्या अभ्यासाची चौकटही यांवरच बेतावी. कंपनी जे बोलते ते तिच्या आकड्यांत उतरले आहे का, हे तपासणे हाच अभ्यासाचा गाभा आहे.

ताफा कसा वाचावा

स्प्रिंगचा संपूर्ण ताफा एअरबस ए-320 कुटुंबातील आहे. सोलापूरकरांना याचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत ज्या कारखान्यात सगळे यंत्रमाग एकाच बनावटीचे असतात, तेथे सुटे भाग एकाच प्रकारचे साठवावे लागतात, जॉबर कोणताही माग दुरुस्त करू शकतो आणि एका मागावरचा कामगार दुसऱ्यावर निर्धास्त बसवता येतो. विमानांच्या बाबतीतही वैमानिकांचे प्रशिक्षण, देखभालीचे परवाने आणि सुट्या भागांचा साठा या तिन्ही ठिकाणी हाच लाभ होतो.

मात्र ‘एकच प्रकार’ एवढे लिहून थांबू नये. त्या कुटुंबात कोणती विमाने किती आहेत, याचा स्वतंत्र तक्ता करावा. जुन्या ए-320 मध्ये स्प्रिंगने 180 आसने बसवली, नव्या नमुन्यांत ती 186 पर्यंत नेली आणि लांब अंगाच्या ए-321 निओमध्ये (निओ म्हणजे नव्या इंजिनांची आवृत्ती) 240 आसने बसवली. चीनमधील पूर्ण सेवा देणाऱ्या कंपन्या ए-320 मध्ये दोन वर्ग ठेवून साधारणपणे 150 ते 160 आसने देतात. आता हिशेब मांडून पाहावा. एका कंपनीच्या विमानात 156 आसने आणि दुसरीच्या तशाच विमानात 180 आसने असतील, तर फरक 24 आसनांचा, म्हणजे सुमारे 15 टक्क्यांचा होतो. इंधन, वैमानिक आणि विमानतळ शुल्क यांचा खर्च मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. 180 आसनी विमानाच्या जागी 240 आसनी विमान आले, तर ताफ्याची संख्या एकानेही न वाढता त्या फेरीची क्षमता एक तृतीयांशाने वाढते. डिसेंबर 2015 मध्ये कंपनीने 60 निओ विमानांची मागणी नोंदवली, तेव्हा त्यांपैकी 15 विमाने ए-321 निओ होती. हा तपशील एकूण संख्येइतकाच महत्त्वाचा आहे.

इंजिनाचा रकानाही तक्त्यात अवश्य ठेवावा. निओ विमानांना दोन वेगवेगळ्या उत्पादकांची इंजिने बसतात आणि त्यांपैकी प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांतील दोषांमुळे जगभरात अनेक विमाने जमिनीवर उभी राहिली. मे 2023 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करताना आपल्याकडील गो फर्स्टने हेच कारण पुढे केले होते. ताफ्याच्या यादीत असलेले विमान आणि प्रत्यक्ष उडणारे विमान यांत फरक पडतो, तो असा.

यानंतर विमाने मालकीची किती आणि भाडेपट्ट्याची किती, हे वार्षिक अहवालातून काढावे. येथे एका ठिकाणी फसगत होण्याची दाट शक्यता आहे. केवळ चीनमध्येच शेअर नोंदलेल्या कंपन्यांना भाडेपट्ट्याचे नवे लेखामानक 1 जानेवारी 2021 पासून लागू झाले. पूर्वी ताळेबंदाबाहेर राहणारी भाड्याची बहुतेक देणी त्या तारखेपासून ताळेबंदात दिसू लागली. त्यामुळे 2020 आणि 2021 च्या अखेरीची देणी शेजारी ठेवून ‘कंपनीने एका वर्षात मोठे कर्ज काढले’ असा निष्कर्ष लिहिला, तर तो चुकीचा ठरू शकतो.

वाढ कशी मोजावी

2019 अखेरीस स्प्रिंगकडे 93 विमाने होती आणि 2024 अखेरीस 129. संख्येतील वाढ सुमारे 39 टक्क्यांची आहे. हे आकडे पाहून कंपनीची ही पाच वर्षे सुखाची गेली, असे कोणालाही वाटेल. परंतु निव्वळ नफ्याची रांग त्यांच्याशेजारी लिहिली की चित्र पालटते. 2019 मध्ये सुमारे 184 कोटी युआन नफा, 2020 मध्ये तोटा, 2021 मध्ये किरकोळ नफा, 2022 मध्ये सुमारे 304 कोटी युआन तोटा आणि 2023 व 2024 मध्ये प्रत्येकी सुमारे 226 ते 227 कोटी युआन नफा, अशी ती रांग आहे. विमाने वाढत असतानाच कंपनी तोट्यात गेली, कारण महासाथीच्या काळात विमाने होती, पण त्यांना काम नव्हते. मार्च 2020 च्या अखेरीस चीनने प्रत्येक चिनी कंपनीला एका देशासाठी एकच मार्ग आणि त्यावर आठवड्यातून एकच फेरी एवढीच मुभा ठेवली. देशाच्या सीमा पूर्ववत खुल्या होण्यास जानेवारी 2023 उजाडला.

म्हणून संख्येसोबत तीन मापे घ्यावीत. पहिले माप आसन-किलोमीटरचे : उपलब्ध आसने गुणिले कापलेले अंतर, म्हणजे कंपनीने बाजारात आणलेला एकूण माल. दुसरे माप भारमानाचे. हा शब्द एसटीमुळे आपल्या परिचयाचा आहे. स्प्रिंगचे भारमान महासाथीपूर्वी 90 टक्क्यांच्या वर होते, 2022 मध्ये ते तीन चतुर्थांशाच्या आसपास घसरले आणि 2024 मध्ये पुन्हा 91 टक्क्यांच्या पुढे गेले. तिसरे माप विमानाच्या दैनंदिन वापराचे, आणि माझ्या मते सर्वांत अधिक बोलके माप हेच आहे. दररोज 8 तास उडणारी 10 विमाने जेवढे उड्डाणतास देतात, तेवढेच 10 तास उडणारी 8 विमाने देतात. पहिल्या कंपनीला मात्र दोन जादा विमानांचे भाडे किंवा घसारा सोसावा लागतो. स्प्रिंग 2019 मध्ये प्रत्येक विमान दिवसाला सरासरी 11 तासांहून अधिक वापरत होती आणि त्यासाठी ती भल्या पहाटेची व रात्री उशिराची उड्डाणे मुद्दाम ठेवत असे.

वाढीच्या मर्यादा पाहण्यास विसरू नये

विमान घेतले म्हणजे ते हवे तेथे उडवता येते, असे नाही. चीनमध्ये विमानांच्या आयातीला सरकारी मंजुरी लागते आणि गर्दीच्या विमानतळांवर उड्डाणाच्या वेळा नागरी विमान वाहतूक प्रशासन वाटून देते. शांघाय आणि बीजिंगमध्ये अशा वेळा मिळणे कठीण असल्याने स्प्रिंगने शिजियाझुआंगसारख्या शहरात तळ उभारला आणि तेथे उतरणाऱ्या प्रवाशांना वेगवान रेल्वेने बीजिंगला जाण्याची सोय करून दिली. म्हणून नकाशावर प्रत्येक तळ दाखवावा आणि तो तेथे का आहे, याचे कारण शेजारी लिहावे.

रेल्वे ही सोय आहे तशीच ती स्पर्धकही आहे. बीजिंग-शांघाय वेगवान रेल्वे 30 जून 2011 रोजी सुरू झाली आणि तिने 1,318 किलोमीटरचे अंतर काही तासांवर आणले. सोलापूर-मुंबई वंदे भारत आणि सोलापूर-मुंबई विमान यांच्या वेळांची व दरांची तुलना येथील प्रवासी करतात. तशी तुलना चीनमध्ये जवळपास प्रत्येक मोठ्या मार्गावर होते. कंपनीचे मार्ग अंतरानुसार वेगळे करून पाहिले, तर समुद्रापलीकडच्या जपान, दक्षिण कोरिया आणि थायलंडच्या मार्गांना स्प्रिंगच्या लेखी एवढे महत्त्व का आहे, हे उलगडते. तिचे पहिले आंतरराष्ट्रीय उड्डाण जुलै 2010 मध्ये शांघायहून जपानमधील इबाराकी येथे झाले आणि तेही टोकियोचा मुख्य विमानतळ टाळून.

नफ्याच्या आकड्यात आणखी एक घटक दडलेला असतो. चीनमधील अनेक स्थानिक सरकारे आपल्या शहराला विमानसेवा मिळावी म्हणून कंपन्यांना मार्ग-अनुदान देतात. सोलापूरच्या विमानसेवेसंबंधीच्या बातम्यांत ‘व्यवहार्यता तूट निधी’ हा उल्लेख आपण वाचतो. त्याच जातीची ही मदत आहे. नफा-तोटा पत्रकातील ‘इतर उत्पन्न’ हा रकाना त्यासाठी स्वतंत्रपणे तपासावा आणि तिकिटांतून झालेली कमाई वेगळी लिहावी.

कागदपत्रे वाचताना

कंपनी दर महिन्याला वाहतुकीचे आकडे प्रसिद्ध करते आणि त्या महिन्यात कोणती विमाने दाखल झाली, हेही त्यात नमूद असते. वर्षाचा अहवाल पुढील वर्षाच्या एप्रिलअखेरपर्यंत येतो. ही कागदपत्रे चिनी भाषेत असली, तरी तक्त्यांची मांडणी ठरलेली असल्यामुळे मोबाइलवरील भाषांतराच्या साहाय्याने ती वाचता येतात. काळजी घ्यावी लागते ती एककांची. चिनी मोजणीत ‘वान’ म्हणजे दहा हजार आणि ‘यी’ म्हणजे दहा कोटी. यंत्राने केलेल्या भाषांतरात येथे शून्ये कमी-जास्त होतात. अहवालात नफा 22.7 यी युआन दिला असेल, तर तो 227 कोटी युआन होय. प्रत्येक आकडा लिहिताना मूळ एकक कंसात जपून ठेवावे, म्हणजे नंतर पडताळणी करता येते.

जपानमधील स्प्रिंग जपान या कंपनीची विमाने या ताफ्यात मिळवू नयेत. 2014 मध्ये नारिताहून उड्डाणे सुरू करणारी ती कंपनी बोइंग 737-800 वापरते आणि 2021 पासून तिचे नियंत्रण जपान एअरलाइन्सकडे आहे. नाव एक असल्यामुळे ही बेरीज हमखास केली जाते आणि ‘एकच प्रकारचा ताफा’ हा अभ्यासातील मूळ मुद्दाच त्यामुळे बिघडतो.

मासिक आकड्यांची मागील वर्षाशी तुलना करताना जानेवारी आणि फेब्रुवारी हे महिने कधीही सुटे घेऊ नयेत. चिनी नववर्ष 2024 मध्ये 10 फेब्रुवारीला होते आणि 2025 मध्ये 29 जानेवारीला. प्रवासाची सर्वांत मोठी लाट त्याबरोबर एका महिन्यातून दुसऱ्यात सरकते. या दोन महिन्यांची बेरीज करून तीच मागील वर्षाच्या बेरजेशी ताडून पाहावी आणि 2024 च्या फेब्रुवारीत 29 दिवस होते, हे लक्षात घेऊन 2024 च्या बेरजेला 60 दिवसांनी आणि 2025 च्या बेरजेला 59 दिवसांनी भागून दैनिक सरासरी काढावी.