जुन्या स्पोर्ट्स कारचे इंजिन कमी खर्चात बांधताना या चुका टाळा

नाशिक परिसरातील मातीच्या रस्त्यांवर राष्ट्रीय रॅली स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत, आणि पॅलिओ १.६, सिटी व्हीटेक किंवा लान्सर यांसारख्या जुन्या वेगवान गाड्या जिवापाड जपणारी मंडळी या शहरात आजही भेटतात. अशा गाडीचे इंजिन थकले की मालकासमोर पहिला प्रश्न खर्चाचा उभा राहतो. खर्च कमी करायचा म्हणजे स्वस्त सुटे भाग शोधायचे, असा बहुतेकांचा समज असतो. माझ्या मते मात्र पैसा वाया जातो तो मोजमाप न करता घेतलेल्या निर्णयांमुळे.

पहिली चूक इंजिन खोलण्याआधीच होते. निळा धूर दिसला की रिंगा (पिस्टनभोवतीची, दाब व ऑइल अडवणारी कडी) गेल्या, असे ठरवून इंजिन उतरवले जाते. पण धूर नेमका केव्हा येतो, हे आधी पाहायला हवे. कसारा घाट खालच्या गिअरमध्ये उतरताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढलेला असतो, त्या वेळी इनटेक मॅनिफोल्डमधील (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधील) दाब खूप कमी होतो आणि झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडमधून (व्हॉल्व्ह ज्यात सरकतो त्या नळीतून) किंवा कडक झालेल्या सीलमधून ऑइल आत ओढले जाते. उतार संपल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच निळा लोट निघाला, तर संशय आधी हेडवर, म्हणजे व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनाच्या वरच्या भागावर, घ्यावा. चढावर, इंजिनावर भार असताना धूर सतत येत असेल आणि ऑइल भरण्याचे झाकण उघडताच आतून जोरात वाफारा येत असेल, तर रिंगा व बोअर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती सिलिंडरची पोकळी) झिजल्याची शक्यता अधिक असते.

यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये भरणारा दाब, तपासावे. इंजिन गरम असावे, बॅटरी पूर्ण चार्ज असावी, सर्व स्पार्क प्लग काढलेले असावेत, इंधन आणि इग्निशन (प्लगला ठिणगी देणारी यंत्रणा) बंद असावे आणि थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडा ठेवावा. ज्या सिलिंडरचा दाब कमी भरतो, त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. दाब ठळकपणे वाढला तर दोष रिंगांकडे, आणि तसाच राहिला तर व्हॉल्व्हकडे किंवा गॅस्केटकडे (हेडखालच्या सीलकडे) असतो. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकत्र घसरलेला असेल, तर त्यांच्यामधली हेड गॅस्केट फुटल्याचा अंदाज बांधता येतो. एवढ्या तपासणीने कित्येकदा पूर्ण इंजिन खोलण्याची गरजच उरत नाही, आणि हेडच्या कामावर भागते.

दुसरी चूक सर्वांत महागात पडते, ती म्हणजे मोजण्याआधी भाग मागवणे. बोअर वरून खालपर्यंत सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथे दिशा बदलते, त्या पट्ट्यात झीज सर्वाधिक असते आणि बोअर थोडा लंबगोल होतो. म्हणून बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, अशा तीन ठिकाणी व काटकोनातील दोन दिशांनी माप घ्यावे आणि ते त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधील मर्यादेशी ताडून पाहावे. मर्यादा ओलांडलेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा बसवल्या, तर काही महिन्यांत धूर परत येतो. ०.२५ किंवा ०.५० मिमीचे ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा तेवढे मोठे) पिस्टन बाजारात मिळतात की नाही, याची खात्री आधी करावी, पिस्टन प्रत्यक्ष हातात आल्यावर प्रत्येकाचे माप घ्यावे, आणि त्या मापानुसारच बोअर मोठा करून घ्यावा. क्रँकचेही (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या दांड्याचेही) तसेच आहे: जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे त्याचे भाग, मोजल्याशिवाय बेअरिंगचा आकार ठरवू नये.

या बाबतीत नाशिककर भाग्यवान आहेत. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रकामाची मोठी परंपरा आहे आणि मायक्रॉनमध्ये बोलणारी माणसे इथे आहेत. तरीही इंजिनाच्या कामाचा प्रत्यक्ष अनुभव असलेले मशीन शॉपच निवडावे, आणि माप घेताना तापमानाकडे दुर्लक्ष करू नये. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये तापलेला पिस्टन आणि वातानुकूलित खोलीत ठेवलेला ब्लॉक यांची मापे एकमेकांशी ताडणे चुकीचे आहे. सुमारे ८० मिमी व्यासाचा अ‍ॅल्युमिनियमचा पिस्टन २० अंशांच्या फरकाने जवळजवळ ०.०३ मिमी फुगतो, आणि अनेक इंजिनांत पिस्टन व बोअर यांच्यातील मोकळीक साधारण तेवढीच असते. ब्लॉक, पिस्टन आणि मोजण्याची साधने रात्रभर एकाच खोलीत ठेवून सकाळी माप घ्यावे. या काळजीला एक रुपयाही लागत नाही.

होनिंगनंतरची, म्हणजे बोअर दगडाने घासून त्यावर बारीक रेघा पाडल्यानंतरची, सफाई हा सर्वाधिक दुर्लक्षित भाग आहे, आणि इथे मी कोणतीही तडजोड मान्य करणार नाही. डिझेलने किंवा रॉकेलने धुतलेला बोअर डोळ्यांना स्वच्छ दिसतो, पण होनिंगच्या दगडाचे बारीक कण रेघांमध्ये अडकून राहतात आणि नव्या रिंगा व बेअरिंग घासून काढतात. साबणाच्या गरम पाण्याने ब्रशने घासावे, लगेच कोरडे करावे आणि ऑइल लावलेले पांढरे फडके बोअरमध्ये फिरवावे. फडके पांढरेच बाहेर येईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. ऑइलच्या वाटांचे बूच काढून त्या वाटाही आतून ब्रशने साफ कराव्यात.

जोडणी करताना कनेक्टिंग रॉडच्या कॅप एकमेकांत बदलू नयेत, एकदाच वापरायचे हेड बोल्ट पुन्हा लावू नयेत, आणि सिलिकॉन सीलंट हात सैल सोडून थापू नये, कारण सुटलेला तुकडा ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. टायमिंग बेल्ट बसवल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा जुळतात का, ते पाहावे. बचत करायचीच असेल तर खोलणे, धुणे, रंग देणे ही कामे स्वतः करावीत, मापात बसणारे मूळ कॅमशाफ्ट व रॉड ठेवावेत. बेअरिंग, गॅस्केट, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप यांवर मात्र कात्री चालवू नये.

इंजिन मुळात का झिजले, हे शोधले नाही तर सारा खर्च वाया जाण्याची भीती असते. हौसेने लावलेला उघडा, हलका एअर फिल्टर मातीच्या रस्त्यावरील धूळ आत सोडतो. काढून टाकलेला थर्मोस्टॅट आणि बोअरवेलच्या कठीण पाण्याने क्षार साचलेला रेडिएटर यांमुळे इंजिनाचे तापमान कधीच योग्य राहत नाही.

पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी प्लग काढून, इंधन व इग्निशन बंद ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा-थोडा फिरवावा. सुरू केल्यावर दिवा पुन्हा लागला किंवा खालून जड ठोका ऐकू आला, तर तत्काळ बंद करावे. गाडी तासन्‌तास उभ्या जागी चालू ठेवू नये. रिंगा बसण्यासाठी भार लागतो, म्हणून त्र्यंबक रस्त्यासारख्या मोकळ्या रस्त्यावर मध्यम जोर देत आणि पुन्हा पाय सैल सोडत गाडी चालवावी. सुरुवातीला साधे मिनरल ऑइल वापरावे आणि ते फिल्टरसह लवकर बदलावे. १,००० किलोमीटरनंतर कॉम्प्रेशन पुन्हा मोजून आकडे लिहून ठेवावेत, कारण पुढे कधी शंका आली, तर तुलना करायला तेच आकडे हाताशी असतील.