जुना प्रेस कॅमेरा पुन्हा कामाला लावताना

निकॉन डी१ (१९९९) आणि कॅनन ईओएस-१डी (२००१) हे एकेकाळी वृत्तछायाचित्रकारांच्या खांद्यावरचे कॅमेरे. पहिला जेमतेम पावणेतीन मेगापिक्सेलचा, दुसरा चारच्या जरासा वर. १डीचं सेकंदाला ८ फ्रेमचं खटखटणं आजही कानाला गोड लागतं. पण ही मजा घ्यायची तर आधी कॅमेरा चालू राहिला पाहिजे, म्हणून बॉडी निवडताना पहिल्यांदा बॅटरी पाहा, सेन्सर नंतर.

दोन्हींत निकेल-मेटल हायड्राइड पॅक आहेत. डी१चा ७.२ व्होल्टचा, म्हणजे आत सहा सेल. १डीचा १२ व्होल्टचा, आत दहा. वर्षानुवर्षं कपाटात पडलेला पॅक चार्जरवर ‘फुल’ दाखवतो आणि थोड्याच फ्रेममध्ये मान टाकतो. सगळे सेल सारखे थकत नाहीत. एक आधी रिकामा होतो, व्होल्टेज कोसळतं, कॅमेरा बंद. चार्जरला रिफ्रेशची सोय असेल तर दोन-तीनदा पूर्ण डिस्चार्ज-चार्ज करून बघा. फरक नाही पडला तर सेल बदलून घ्या, पण सगळे एकदम आणि एकाच क्षमतेचे. मेलेला एकच सेल बदलला तर पुढचा कच्चा सेल लवकरच तोच खेळ करतो. सेल टॅब लावलेलेच घ्यावेत. थेट सेलवर सोल्डरिंग केलं की उष्णतेने आतलं सील बिघडतं.

कार्ड कॉम्पॅक्टफ्लॅश. फॅट१६वर (कार्डावर फाइली मांडण्याच्या जुन्या पद्धतीवर) चालणाऱ्या बॉडीला २ जीबीच्या पुढचं कार्ड समजत नाही, तेव्हा १ जीबीचं घ्या आणि निर्धास्त राहा. फॉरमॅट कॅमेऱ्यातच करा. जुनी बॉडी घेताना टॉर्च मारून कार्डाच्या खाचेत पाहा: ५० पिनांपैकी एक जरी वाकलेली असेल तर कार्ड दामटून घालू नका, शेजारची पिनही जाईल.

आता फोटो. या सीसीडी (जुन्या प्रकारच्या) सेन्सरवर पांढरा भाग एकदा जळला की गेलाच. कापडाची घडी, कपाळावरची चमक, काहीच परत येत नाही. एक्स्पोजर १/३ ते २/३ स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). मात्र सावल्या नंतर फार उचलू नका: १डीवर आयएसओ ८००च्या पुढे काळ्या भागात आडवे पट्टे उठतात. डी१ची जेपीईजी एनटीएससी या जुन्या रंगव्याप्तीत (रंग नोंदवण्याच्या पद्धतीत) असते. आजचं सॉफ्टवेअर तिला एसआरजीबी, म्हणजे आजची नेहमीची रंगव्याप्ती, समजतं आणि त्वचेचा रंग बिघडतो. त्यापेक्षा रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल, काढा.

रॉमध्ये १डीची एक खोडी आहे. तिच्या रॉ फाइलचं एक्स्टेन्शन .टिफ असतं. साध्या व्ह्यूअरमध्ये उघडली तर फक्त छोटं थंबनेल दिसतं, आणि तिथेच ‘सेव्ह’ केलं तर मूळ रॉ पुसली जाते. मूळ फाइली आधी वेगळ्या फोल्डरमध्ये कॉपी करा, मगच रॉ कन्व्हर्टर उघडा.

खरी चैन फ्लॅशची. दोन्ही कॅमेरे १/५०० सेकंदाला फ्लॅश सिंक करतात, म्हणजे शटर एवढं वेगात असतानाही फ्लॅश पूर्ण फ्रेमवर पडतो. आजच्या बहुतेक बॉडी १/२००-१/२५०वर अडतात. भर उन्हात आयएसओ २००, १/५०० आणि साधारण एफ/१० ठेवून टोपीखालचा काळवंडलेला चेहरा छोट्या फ्लॅशनेही उजळता येतो. १/२५०ला हेच करायचं तर एफ/१४ लागतो, म्हणजे फ्लॅशची दुप्पट ताकद.

डी१ची फ्रेम २०००×१३१२ पिक्सेलची. २०० डीपीआयने (इंचाला २०० ठिपके) १० इंच रुंद छापता येते, वृत्तपत्राला पुरून उरते. पण निम्मी रुंदी कापली की हातात ५ इंच. म्हणून नंतर क्रॉप करण्याचा हिशेब सोडा, पुढे सरका आणि फ्रेम भरा. मागच्या २ इंची पडद्यावर फोकस जोखू नका. १डीत फोटो मोठा करून बघायची सोयच नाही. हिस्टोग्राम (उजेड-अंधाराची विभागणी दाखवणारा आलेख) पाहा, एवढंच.

धूळ मात्र स्वतःलाच काढावी लागते. या पिढीतल्या बऱ्याच बॉडी एसी अडॅप्टर जोडल्याशिवाय सफाईसाठी आरसा उचलत नाहीत. अडॅप्टर नाही म्हणून बल्ब मोडवर शटर उघडं ठेवून ब्लोअर आत घालण्याचा मोह होतो. तो टाळा: थकलेली बॅटरी मधेच गेली की शटर आणि आरसा त्या ब्लोअरच्या नळीवर आदळतात.