पूर पाहिलेल्या मुलांचा गट शाळेत कसा चालवावा

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेने 45 फुटांची धोका पातळी ओलांडून 57 फूट गाठले. पाणी ओसरले, गाळ उपसला, शाळा भरल्या. परंतु पत्र्यावर पावसाची सर वाजताच दप्तर आवरून दाराकडे पाहत बसणारी मुले वर्गात त्यानंतरही होती.

महिना उलटूनही ज्यांची झोप उडालेली आहे, जी दचकतात किंवा नदीकडची वाट टाळतात, अशी सहा ते आठ समवयस्क मुले पालकांच्या संमतीने निवडावीत. अख्खा वर्ग घेऊ नये. आठवड्याला एक तास याप्रमाणे साधारण दहा बैठका प्रशिक्षित समुपदेशकाने घ्याव्यात. मुलांचे बोलणे गटाबाहेर जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगावे. मात्र लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आल्यास पॉक्सो या बालसंरक्षण कायद्यानुसार ती कळवावीच लागते, हेही तेव्हाच सांगावे.

सुरुवात श्वासापासून करावी. सतरंजीवर उताणे झोपून पोटावर खोडरबर ठेवायचे आणि ते सावकाश वर-खाली होताना पाहायचे, एवढे मुलांना लगेच जमते. मग भीतीच्या पायऱ्या मांडाव्यात: पुलाचे चित्र पाहणे, वडिलांचा हात धरून नदीकाठच्या रस्त्याने जाणे, उन्हाळ्यात घाटावर बसणे. भीती थोडी उतरेपर्यंत त्याच पायरीवर थांबावे. खरोखर धोक्याची जागा पायऱ्यांत घेऊ नये.

"पुन्हा पाणी येणार आणि आपण वाहून जाणार" या विचाराला "काही होणार नाही" हे उत्तर नव्हे, कारण पाणी येऊ शकते हे मुलांना पक्के ठाऊक असते. त्याऐवजी कोयनेतून विसर्ग वाढण्याची सूचना कशी मिळते, किती फुटांना गुरे हलवायची, आजीला कोण उचलणार, हे त्यांच्याकडूनच वदवून घ्यावे.

पुराच्या रात्रीची संपूर्ण हकिकत मात्र समुपदेशकाने मुलाला एकटे घेऊन ऐकावी. गटात त्याला सांगावेसे वाटेल तेवढेच त्याने सांगावे. एका दिवसाच्या शिबिरात सर्वांना रडवून परतणाऱ्या पाहुण्यांना, विशेषतः कॅमेरा घेऊन आलेल्यांना, मुख्याध्यापकांनी नम्रपणे नकार द्यावा.

मरणाची भाषा करणाऱ्या मुलाला गटावर न सोडता त्याच दिवशी पालकांना बोलवावे आणि जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक अहोरात्र चालू असतो. पुढच्या जुलैसाठी दोन बैठका राखून ठेवाव्यात, कारण नदीचे पाणी फुगू लागले की जुनी भीती परतते.